घरातून जाणाऱ्या पाण्याची विद्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी विद्यार्थ्यांस उद्देशून चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही वक्ते नव्हे. आयुष्याची पस्तीस वर्षे रस्ते आणि पूल बांधण्यात गेली. व्यासपीठापेक्षा मोजमापाच्या वहीशी आमचा परिचय अधिक. तथापि एक गोष्ट बरेच दिवस मनात सलत आहे. ती याच सभागृहात, आपणां सर्वांसमक्ष बोलून दाखवली पाहिजे, असे वाटल्यावरून आम्ही ही आज्ञा शिरसावंद्य मानली. आमचा आजचा विषय आहे पाणी आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण.

आताच सत्काराच्या वेळी आपण मुलांची नावे ऐकली. कोणी संगणकशास्त्राकडे निघाला आहे, कोणी वैद्यकाकडे, कोणी हिशेबतपासनीस होणार आहे. सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु त्या यादीत पाण्याची विद्या शिकावयास निघालेले एकही नाव नव्हते. गेल्या दहा-बारा वर्षांच्या याद्या आम्ही काढून पाहिल्या, त्यांतही नाही. यात मुलांचा दोष नाही. दोष कोणाचा, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

सन २०१३ मधील गोष्ट. आपल्या मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्त्या दिल्या जातात, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या वर्षीच्या निवड समितीत आम्ही होतो. आलेल्या अर्जांत एक अर्ज ज्ञातीतील एका मुलीचा होता. वडील पतपेढीत कारकून, आई घरी शिवणकाम करणारी. मुलीने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी प्रथम वर्गात मिळवलेली, ‘गेट’ची परीक्षा उत्तीर्ण झालेली आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या दोन वर्षांच्या एम. टेक. अभ्यासक्रमास प्रवेश मिळण्याजोगे गुण हाती असलेले. वसतिगृह, पुस्तके आणि सुरुवातीचा खर्च यांसाठी तिला थोडी रक्कम हवी होती.

समितीत अभियंते असे आम्ही एकटेच. साहजिकच सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काय सांगितले? आम्ही सांगितले की, हा विषय म्हणजे नळ आणि गटारे. पदवीच्या अभ्यासात त्याचा एक पेपर असतोच. त्यासाठी आणखी दोन वर्षे घालवण्याचे प्रयोजन दिसत नाही. त्यावर एक ज्येष्ठ सदस्य उद्गारले, “म्हणजे आपल्या घरातल्या मुलीनं गटारं तपासत हिंडायचं की काय?” सारे हसले. आम्हीही हसलो. अर्ज परत गेला. त्या वर्षीची रक्कम संगणकाच्या शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या एका विद्यार्थ्यास मिळाली. तो विद्यार्थी गुणी होता. त्याच्याविषयी आमची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती स्वतःविषयी.

मुलगी शिकली. ‘गेट’ उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांस शासनाकडून मासिक विद्यावृत्ती मिळते, तीवर तिने दोन वर्षे काढली. आमच्या मताची तिला गरज पडली नाही. गरज पुढे आम्हांलाच पडली.

सन २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही राहतो त्या गृहनिर्माण संस्थेत काविळीची साथ आली. पंधरा दिवसांत अकरा जणांना लागण झाली. त्यांत आमचा नऊ वर्षांचा नातू होता, आणि शेजारची सून होती, तिला सातवा महिना होता. संस्थेच्या सभेत जो तो आपापला तर्क लढवू लागला. कोणी पाणीपुरीवाल्यास दोष दिला, कोणी नगरपालिकेस. टाकी धुतली, मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली. पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसत होते. नगरपालिकेच्या माणसांनी फाटकापाशी तपासणी केली, तीत दोष निघाला नाही. सभासद आमच्याकडे पाहू लागले. संस्थेतील अभियंते आम्हीच. पस्तीस वर्षे शासकीय सेवेत काढलेला हा माणूस त्या टाकीच्या काठावर उभा राहिला आणि पुढे काय करावे, हे त्यास सुचेना.

अखेर आमच्या सुनेने त्या मुलीस दूरध्वनी केला. दोघींची शाळेपासूनची ओळख. रविवारी सकाळी ती आली. आल्याबरोबर तिने पाण्याकडे पाहिले नाही, प्रश्न विचारले. नळाला पाणी किती वाजता येते? किती वेळ असते? जमिनीखालची टाकी कधी बांधली? मैलापाण्याचे चेंबर तिच्यापासून किती अंतरावर आहे? आम्ही मोजले, अंतर चार फूट भरले. मग तिने पिशवीतून लहानशी पेटी काढून क्लोरिनची चाचणी घेतली. फाटकापाशी नमुन्याला पिवळी छटा आली. चौथ्या मजल्यावरच्या नळाला काहीच रंग आला नाही. म्हणजे वाटेत कोठेतरी क्लोरिन खर्ची पडत होते, आणि ते खर्ची पाडणारी घाण आमच्याच आवारात होती. तिने टाकी उपसून तळाशी आणवली आणि चेंबरात हिरवा रंग सोडण्यास सांगितले. दोन तासांनी टाकीच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर खाली, हिरवट ओल उमटली.

“काका, तुमच्या दारापर्यंत पाणी चांगलं होतं,” ती म्हणाली. “टाकी भरलेली असते तेव्हा पाणी बाहेर झिरपतं. ती रिकामी झाली की बाहेरचं आत येतं. डोळ्यांना ते दिसत नाही.”

चेंबर हलवले, टाकीला नवे अस्तर केले, साथ थांबली. आमचा नातू बरा झाला. शेजारची सून अतिदक्षता विभागातून परत आली. मूल मात्र हाती लागले नाही. ज्या दोषाचा शोध एका सकाळी लागला, तो दोष त्या इमारतीत किती वर्षे होता, हे देव जाणे. आणि आम्ही त्या चेंबरावरून रोज फिरावयास जात होतो.

निघताना आम्ही तिला विचारले, “त्या अर्जाचा राग आहे का गं मनात?” ती म्हणाली, “मला नव्हता, काका. पण आई त्यानंतर संमेलनाला आली नाही.”

त्या दिवसापासून आम्ही या विषयाची पुस्तके मागवून वाचू लागलो. उतारवयात विद्यार्थी झालो म्हणा. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, आमच्या आवारात जे घडले ते फार मोठ्या प्रमाणावर यापूर्वी आपल्या राजधानीत घडून गेले आहे. सन १९५५ च्या पुरानंतर यमुनेने दिल्लीजवळ आपले पात्र बदलले. नजफगड नाल्याचे घाण पाणी एरवी वझिराबादच्या जलकेंद्राच्या खालच्या अंगास नदीला मिळत असे. ते त्या नोव्हेंबरात उलटे फिरून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. जलकेंद्रातील मंडळी गाफील नव्हती. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरिन वाढवले. त्याचा गुणही आला. विषमज्वर आणि अतिसार वाढले नाहीत. परंतु डिसेंबरपासून कावीळ सुरू झाली आणि सुमारे २९,००० माणसे पिवळी पडली. जंतू मेले होते. त्यांहून सूक्ष्म असा विषाणू गढूळपणाच्या आडोशाने निसटला होता. जतन करून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे पंचवीस वर्षांनी कळले की, ही कावीळ नेहमीची नव्हती. तिला आज ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतात. गरोदर स्त्रियांना तिचा धोका विशेष असतो.

सज्जनहो, तेथे कोणी कामचुकारपणा केला नव्हता. उणीव होती ती ज्ञानाची. क्लोरिन टाकले म्हणजे पाणी शुद्ध झाले, एवढे ज्ञान पदवीपुरते पुरते. कोणता रोगकारक कशाने मरतो, कशाने मरत नाही, गढूळपणा किती असता क्लोरिन निरुपयोगी ठरते, हे कळावयास त्यापुढची पायरी चढावी लागते. हे सारे जुने झाले, असेही कोणी समजू नये. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातील सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतील बळ जाणारा तो विकार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि सर्वांचे लक्ष पुन्हा पिण्याच्या पाण्याकडे वळले. आपल्यापैकी कित्येकांची घरे त्या भागात आहेत.

आता हे शिक्षण म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगतो. कारण आमच्याप्रमाणेच आपल्यापैकी पुष्कळांचा समज ‘नळ आणि गटारे’ येथेच थांबलेला असेल.

या अभ्यासक्रमात अभियंत्यास प्रथम रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र नव्याने शिकावे लागते. तुरटी किती घालावी, हे अंदाजाने ठरत नाही. सहा काचपात्रांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीचे प्रमाण वेगळे ठेवतात, ते सावकाश ढवळतात, आणि कोणत्या पात्रात गाळ लवकर बसतो ते पाहतात. नदीचे पाणी बदलले की हे प्रमाणही बदलते. मैलापाण्याची घाण मोजण्याचीही रीत आहे. त्यातील सेंद्रिय द्रव्य खाऊन टाकण्यास जंतूंना किती प्राणवायू लागतो, ते मोजतात. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानात तीन दिवस चालते. तिला ‘बीओडी’ म्हणतात. ज्या नदीत घाण अधिक, त्या नदीत जंतूच प्राणवायू संपवतात आणि मासे तडफडून मरतात. घाण मिसळल्यावर नदीतील प्राणवायू किती अंतरापर्यंत उतरेल आणि कोठे पुन्हा भरून निघेल, याचे गणित अमेरिकेत ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये मांडले. ते आजही शिकवले जाते.

याहून एक नवलाची गोष्ट ऐका. इंग्लंडात मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा फुंकून पाहिली. पहिल्या खेपेस ते पाणी शुद्ध होण्यास कित्येक आठवडे लागले. परंतु तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही; दुसऱ्या खेपेच्या पाण्यात तोच ठेवला, तिसऱ्या खेपेसही तोच. खेपेगणिक वेळ घटत जाऊन आठवड्यांचे काम तासांवर आले. त्या गाळातच घाण खाणारे जंतू वाढीस लागले होते. आपल्या घरी विरजणाची कवडी जपून ठेवतात, तसाच हा प्रकार. सन १९१४ मध्ये त्यांनी ही पद्धत जगापुढे ठेवली. आज असंख्य शहरांतील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे तिच्याच आधारावर चालतात.

यांखेरीज पावसाचे आणि भूजलाचे गणित असते, जलवाहिन्यांतील दाबाचे शास्त्र असते. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी ठराविक वेळीच सुटते. पाणी थांबले की नळातील दाब उतरतो आणि जेथे फट असेल तेथून भोवतालची ओल आत ओढली जाते. म्हणून चोवीस तास दाब राखणे हा चैनीचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. आपल्या मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे. अन्य सोय नसल्यास फार तर १.५. वर्षानुवर्षे त्याहून अधिक पोटात गेले तर दात डागाळतात, हाडे ताठरतात. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर या साध्या वस्तूंनी ते कमी करण्याची ‘नालगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने सिद्ध केली. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यास असाच एखादा प्रश्न हाती घेऊन प्रबंध लिहावा लागतो. पायांत बूट घालून नाल्याकाठी नमुने घ्यावे लागतात आणि रात्री प्रयोगशाळेत जागावे लागते.

बंधुभगिनींनो, आता थोडे अवघड बोलणार आहोत. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

घरात येणाऱ्या पाण्याची आपल्या संस्कृतीला मोठी थोरवी. कलशात पाणी, संकल्पाला पाणी, पाहुण्याच्या हाती प्रथम पाणी. पण घरातून जाणाऱ्या पाण्याचा विचार आपण केला नाही. घरात जेवढे पाणी येते त्याचे सुमारे ऐंशी टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते अवघे २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे उभारलेली केंद्रेसुद्धा पूर्ण चालत नव्हती. यंत्रे विकत मिळतात. ती चालवणारे जाणते हात विकत मिळत नाहीत, ते घडवावे लागतात.

हे हात आपण का घडवले नाहीत? समितीतील ते हसणे आम्हांस आजही ऐकू येते. त्या हसण्याचा अर्थ सरळ होता : घाण ही दुसऱ्या कोणाची तरी कामगिरी. ज्यांना आपल्या समाजाने पाणवठ्यावरून दूर ठेवले, त्यांच्याच डोक्यावर आपली घाण दिली. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. तरीही १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आणि ज्या वर्षी आम्ही त्या मुलीचा अर्ज हसून परत केला, त्याच २०१३ साली हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध संसदेला दुसऱ्यांदा कायदा करावा लागला. पहिला १९९३ चा होता. गटारात उतरलेली माणसे विषारी वायूने आजही मरतात. अशा मृत्यूसाठी कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले.

येथेही विद्येचा संबंध पोहोचतो. भुयारी गटाराला उतार असा द्यावा लागतो की, आतील पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने वाहावे. वेग त्याहून कमी झाला तर गाळ बसतो. गाळ बसला की तो कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू धरतो. आणि तुंबले की कोणास तरी आत उतरवतात. म्हणजे नकाशावर चुकलेला उतार पुढे एखाद्याच्या प्राणावर बेततो. उतार नीट आखणे, यंत्राने सफाई होईल अशी चेंबरे ठेवणे, ही दया नव्हे. ती अभियंत्याची रोजची कामगिरी आहे. ती शिकण्यास आपल्या मुलांनी आणि मुलींनी कमीपणा मानावा काय?

कोकणातील मंडळींस आप्पासाहेब पटवर्धनांचे नाव सांगावयास नको. उच्चविद्याविभूषित आणि उच्चवर्णीय असा हा माणूस. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ मध्ये त्यांनी अन्न वर्ज्य केले, आणि पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करणाऱ्या साध्या संडासाचे प्रयोग केले. विद्या आणि घाण यांची गाठ घालण्यात त्यांना लाज वाटली नाही. त्यांनी हातात झाडू आणि खोरे घेतले. आपल्या मुलांना आज प्रयोगशाळा, संगणक आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिळतो आहे, एवढाच फरक.

विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी व्यवहाराच्याही चार गोष्टी सांगणे अवश्य आहे. स्थापत्य किंवा रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर या शिक्षणास जाऊ शकतात. काही संस्थांत विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर पदवीधरांनाही वाव असतो. पूर्वी स्थापत्यासारख्या अन्य विषयांच्या पेपरावरून प्रवेश मिळे. २०२१ पासून ‘गेट’ परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर सुरू झाला. मुंबईच्या आय.आय.टी.त १९८५ मध्ये या विषयाचे केंद्र स्थापन झाले. मुंबईस व्हीजेटीआय, पुण्यास सीओईपी, नागपुरास व्हीएनआयटी, सांगलीस वालचंद महाविद्यालय या ठिकाणीही सोय आहे. पुण्याच्याच महाविद्यालयातून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकून बाहेर पडले, आणि त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसले. पुण्याच्या पाण्याशी विद्येचे नाते असे जुने आहे. नागपूरची ‘नीरी’ १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून उभी राहिली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. रुडकीस जलसंपत्तीचे शिक्षण १९५५ पासून चालू आहे. परदेशी जावयाचे असेल तर नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १९५७ पासून देशोदेशींचे अभियंते ही विद्या शिकावयास येतात. १९५३ च्या समुद्री पुरात त्या देशाने अठराशेहून अधिक माणसे गमावली होती. पाण्याचा धडा त्यांनी फार महाग किमतीने घेतलेला आहे.

पगाराचे विचाराल, तर खोटे सांगणार नाही. सुरुवातीस संगणकाच्या नोकरीएवढे वेतन सहसा मिळत नाही. सरकारी आणि पालिकांच्या भरतीची वाट पाहावी लागते. कारखान्यांची सांडपाणी केंद्रे, सल्लागार कंपन्या, प्रदूषण नियंत्रण मंडळ, जीवन प्राधिकरण, संशोधन संस्था, अशी कामाची क्षेत्रे आहेत. परंतु त्यांत चिकाटी लागते. आणि कारखान्यात नोकरी करताना नमुन्याचे आकडे ‘जरा बरे’ लिहिण्याचा आग्रह होऊ शकतो. त्या वेळी नाही म्हणण्याचे बळ घरच्यांनी द्यावे लागते. म्हणून हा विषय एकट्या विद्यार्थ्याचा नाही, कुटुंबाचा आहे.

आता शेवटचे. आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली कार्यकारी मंडळास. साहाय्य निधीच्या नियमांत शाखांचा जो अग्रक्रम आहे, त्यात पाणी आणि पर्यावरण अभियांत्रिकीचा स्पष्ट उल्लेख करावा आणि दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती तिच्यासाठी राखावी. अर्जदार मुलगी असेल तर ‘हे काम तिला शोभेल काय’ हा प्रश्न समितीत कोणी विचारू नये. या शिष्यवृत्तीसाठी आमच्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी एका महिन्याची रक्कम आम्ही निधीत जमा करू. पहिली आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन केली आहे.

दुसरी गृहिणींस आणि गृहस्थांस. घरी गेल्यावर आपल्या इमारतीची टाकी कोठे आहे आणि मैलापाण्याचे चेंबर तिच्यापासून किती अंतरावर आहे, हे एकवार मोजून पाहा. अगदी वरच्या मजल्यावरील शेवटच्या नळाला क्लोरिन येते का, ते तपासा. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम यावे. चाचणीस पाच मिनिटेही लागत नाहीत. आम्ही ती पाच मिनिटे दिली नव्हती.

तिसरी विनंती एका माउलीस. या संमेलनाचे निमंत्रण घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा दिला. येईन असे म्हणाल्या नाहीत, येणार नाही असेही म्हणाल्या नाहीत. त्या सभागृहात असोत वा नसोत, हे भाषण अंकात छापून त्यांच्यापर्यंत पोहोचेल, म्हणून येथे सांगतो : आपल्या कन्येच्या विद्येस आम्ही हसलो, ते आमचे अज्ञान होते. अभियंता म्हणवून घेणाऱ्यास ते शोभणारे नव्हते, आणि ज्ञातीच्या वडीलधाऱ्यास तर मुळीच नव्हते. आम्ही आपली जाहीर क्षमा मागतो. पुढल्या वर्षी आपण यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आपण ज्या ज्या विद्येकडे निघाला आहात तीत यशस्वी व्हा. आणि आपल्यापैकी एखाद्याने वा एखादीने ही वाट धरली, तर तिच्यावर हसणारे निदान या मंडळात कोणी उरलेले नसो, एवढीच प्रार्थना.